सकळ लिपी, नेवाशाची ओवी आणि नवशिक्याचा संगणक

गोदा-प्रवरेच्या खोऱ्याने मराठीला तिच्या आरंभकाळातच दोन थोर ग्रंथकार दिले. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. याच परिसरातल्या सराळे गावचे म्हाइंभट त्याच्या काही वर्षे आधी चक्रधरांच्या आठवणी गोळा करीत गावोगाव हिंडले होते आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले होते. एक ग्रंथ ओवीचा, दुसरा गद्याचा. नेवासे आणि सराळे ही दोन्ही गावे आज एकाच जिल्ह्यात मोडतात. या जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते, २०२४ साली ते अहिल्यानगर झाले.

दोन्ही ग्रंथांचा पुढचा प्रवास मात्र अगदी भिन्न दिशांनी झाला. ज्ञानेश्वरी हस्तलिखितांमधून, कीर्तनांतून, पारायणांतून उघड्यावर वाढली. इतकी की तिच्या नकलांत शिरलेल्या अशुद्धांचा निचरा करण्यासाठी पुढे एकनाथांना बसावे लागले. लीळाचरित्र आणि महानुभावांचे अन्य ग्रंथ चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांत गेले आणि पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते जवळजवळ पाच-साडेपाच शतके अज्ञात राहिले.

या भिन्नतेची आठवण प्रस्तुत लेखात एका वरवर पाहता दूरच्या विषयाच्या अनुषंगाने करायची आहे. तो विषय म्हणजे खुली संगणकप्रणाली, अर्थात लिनक्स, आणि तिच्या वाटेला प्रथमच जाणारा मराठी नवशिका. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु संहिता कोणाची, ती कोणी वाचावी, कोणी दुरुस्त करावी आणि दुरुस्तीची नोंद कशी ठेवावी, हे प्रश्न मुळात पाठचिकित्सेचे आहेत. गेल्या चाळीस वर्षांत संगणकाच्या क्षेत्रातल्या काही मंडळींनी ते आपल्या परीने नव्याने हाताळले. त्यांनी काढलेली उत्तरे आपल्याला कितपत मानवतात, हे पाहण्यासारखे आहे.

१

प्रथम ‘खुली’ या शब्दाचा अर्थ. संगणकाची कोणतीही आज्ञावली माणूस आधी माणसालाच वाचता येईल अशा भाषेत लिहितो. तिला सोर्स कोड म्हणतात. आपण तिला मूळ संहिता म्हणू. यंत्राला चालवण्यासाठी या संहितेचे अंकांत रूपांतर केले जाते, आणि ग्राहकाच्या हाती सहसा हे अंकरूपच पडते. ते चालते, परंतु वाचता येत नाही. ग्रंथाचा पाठ ऐकण्याची मुभा आहे पण पोथी उघडण्याची नाही, अशी ही अवस्था.

ही अवस्था सुरुवातीपासून नव्हती. विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांत आज्ञावल्या हातोहात फिरत. सत्तरीच्या दशकात त्यांचा स्वतंत्र व्यापार वाढू लागला, तशा मूळ संहिता कुलुपात गेल्या. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना हा बदल असह्य झाला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जीएनयू नावाची संपूर्ण मुक्त प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला आणि जानेवारी १९८४ मध्ये नोकरी सोडली. त्यांनी वापरकर्त्याची चार स्वातंत्र्ये मांडली: आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालवणे, तिची मूळ संहिता अभ्यासून बदलणे, तिच्या प्रती इतरांना देणे, आणि आपण बदललेल्या प्रतीही देणे. १९८९ साली या स्वातंत्र्यांना कायद्याचा आधार देणारा जीपीएल हा परवाना आला. त्यातली मेख अशी की ज्याला हे स्वातंत्र्य मिळाले, त्याने आपल्या हातून पुढे जाणाऱ्या प्रतीसोबत तेच स्वातंत्र्य दिले पाहिजे. घेताना खुले आणि देताना बंद, हे चालणार नाही.

जीएनयूचे बहुतेक भाग तयार झाले, परंतु प्रणालीचा गाभा रखडला. तो २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर काही लिहीत आहोत असे सांगून जाहीर केला. १९९२ साली तो जीपीएलखाली आला. आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो ती या दोन प्रवाहांच्या संगमातून झालेली प्रणाली होय. तिच्यापासून डेबियन, रेड हॅट, उबुंटू अशा अनेक शाखा निघाल्या. महानुभावांच्या उपाम्नायांप्रमाणे या शाखांचा आधारग्रंथ एक आणि परंपरा वेगवेगळ्या.

नेवाशाच्या टीकेचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. अठराव्या अध्यायाच्या अखेरीकडे ज्ञानदेव वेदाविषयी जे बोलतात त्याचे स्मरण करावे. वेद सर्वसंपन्न खरा, परंतु त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. स्त्रिया, शूद्र आणि इतर जन बाहेर उभे राहिले. हे उणे गीतेच्या रूपाने भरून निघाले, असा त्यांचा आशय आहे. ज्ञानाच्या थोरवीबद्दल त्यांना शंका नाही. आक्षेप आहे तो ते राखून ठेवण्यावर. महानुभावांतही हीच भूमिका आढळते. संस्कृतात ग्रंथ लिहू पाहणाऱ्या विद्वान शिष्याला नागदेवाचार्यांनी अडवले, कारण त्यामुळे पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बाया वंचित झाल्या असत्या. दोन्ही परंपरांनी ग्रंथाचा निकष म्हणून पंडिताऐवजी नवशिक्याला समोर ठेवले होते, ही गोष्ट आपल्या पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

२

लिनक्स भारतात सर्वसामान्य हौशी माणसापर्यंत पोचली ती नियतकालिकांबरोबर येणाऱ्या चकत्यांमधून. १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने, आणि २००३ पासून ‘लिनक्स फॉर यू’ने अशा चकत्या वाटल्या. त्या काळी जिल्ह्याच्या गावी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येत असे, आणि सहाशे-सातशे मेगाबाइटची प्रणाली त्यावरून उतरवून घेणे ही कल्पनाच करवत नसे. २००४ च्या ऑक्टोबरात उबुंटूची पहिली आवृत्ती निघाली आणि मागेल त्याला तिची चकती टपालाने फुकट मिळू लागली. हा क्रम २०११ पर्यंत चालला.

नगर जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे १९८३ च्या सुमारास अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली होती. त्यांतल्या संगणकशाखेच्या विद्यार्थ्यांना लिनक्स प्रात्यक्षिकांच्या निमित्ताने भेटत असे. इतरांचा संगणकप्रवेश मात्र बहुधा एमएस-सीआयटीच्या द्वारे होई. २००१ साली सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत संगणकाची अक्षरओळख पोचवली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ती अक्षरओळख विंडोजची होती. परिणामी आपल्याकडे संगणक येणे म्हणजे एका विशिष्ट प्रणालीची चित्रे ओळखता येणे, असे समीकरण रूढ झाले. केरळातल्या सरकारी शाळांनी त्याच दशकाच्या मध्यापासून मुक्त प्रणालीकडे वळण घेतले. तिथल्या पिढीच्या मनात हे समीकरण वेगळे आहे.

अशा समीकरणासह लिनक्सकडे येणाऱ्या नवशिक्याचे पहिले अनुभव ठरावीक असत. चकती घालून यंत्र सुरू केले की, आतल्या कशालाही हात न लावता, नवी प्रणाली नुसती चालवून पाहता येई. २००० साली निघालेल्या नॉपिक्सने ही सोय लोकप्रिय केली. इथवर सारे सुखाचे. खरी धडकी भरे ती प्रणाली कायमची बसवताना, चकतीचे हिस्से पाडण्याच्या वेळी. वडिलार्जित जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही: एक रेघ चुकली की शेजाऱ्याचे रान गेले. इथे शेजारी म्हणजे विंडोज, आणि रान म्हणजे घरातली सगळी छायाचित्रे, कागदपत्रे, गाणी.

बसवणी पार पडली की दुसरे आश्चर्य. ‘सी’ आणि ‘डी’ ही ओळखीची घरे कुठेच नाहीत. त्यांच्या जागी एकच मूळ आणि त्याला फुटलेल्या फांद्या. मोठे आणि लहान रोमन अक्षर इथे भिन्न मानले जाते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक खपवून न घेणाऱ्या गुरुजींसारखी ही प्रणाली वागते. टेलिफोनच्या तारेला जोडायचे स्वस्त मोडेम बहुधा विंडोजसाठीच घडवलेले, त्यामुळे इंटरनेट बंद. एमपी३ गाणी पेटंटांच्या अडचणीमुळे आपोआप वाजत नसत. आणि या सगळ्यावर उपाय विचारला की उत्तर मिळे ते काळ्या पडद्यावर टंकायच्या आज्ञांचे.

या काळ्या पडद्याविषयी साहित्याच्या माणसाने थोडे थांबून विचार करावा. चित्रांवर बोट ठेवून काम करणे ही खुणांची भाषा आहे. ती लवकर येते, परंतु तिच्यात मांडलेल्या पर्यायांपलीकडे काही मागता येत नाही. आज्ञा टंकणे ही वाक्यांची भाषा. तिला व्याकरण आहे, तिच्यात एका वाक्याचे फलित दुसऱ्याच्या तोंडी देता येते, आणि पूर्वी कोणी न म्हटलेले वाक्य रचता येते. शिवाय प्रत्येक आज्ञेची टीका प्रणालीतच लिहून ठेवलेली असते. मात्र ती टीका इंग्रजीत आहे, आणि तीही जाणत्याने जाणत्यासाठी लिहिलेली. पोथी उघडी आहे, पण तिची भाषा कळत नाही, अशा ठिकाणी नवशिका येऊन ठेपतो. संहिता उघडी करणे हे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम नेवाशाला झाले त्या प्रकारचे आहे.

३

महानुभावांच्या सकळ लिपीचे श्रेय परंपरेने रवळोबासांकडे जाते. तिच्यात मराठी वर्णांच्या जागी ठरावीक क्रमाने दुसरी चिन्हे योजलेली असतात. किल्ली ज्याच्याजवळ त्याला मजकूर सुबोध, इतरांना तो निरर्थक. सुंदरी, पारमांडल्य, अंक अशा आणखीही लिप्या पंथात होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा अभ्यासकांसमोर ठेवला, वि. ल. भावे यांनी महानुभाव वाङ्मयाचा परिचय करून दिला, आणि मराठीच्या आद्यकाळाचा इतिहास नव्याने लिहावा लागला.

आता आपल्या काळाकडे पाहू. संगणकावर मराठी अक्षरे उमटू लागली तेव्हा यंत्राला फक्त रोमन अक्षरांचे क्रमांक ठाऊक होते. मराठी टंक विकणाऱ्यांनी युक्ती केली: क्रमांक रोमन अक्षराचाच ठेवायचा आणि पडद्यावर त्या जागी देवनागरी आकृती काढायची. यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. कोणत्या क्रमांकाला कोणती आकृती, हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवले. यामुळे एका टंकात लिहिलेला लेख दुसऱ्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा कचरा दिसे. एका वर्णाच्या जागी दुसरे चिन्ह आणि किल्ली एका गटाच्या हाती: हे सकळ लिपीचेच तत्त्व आहे. फरक एवढाच की महानुभावांना आपण काय करीत आहोत याची पूर्ण जाणीव होती. आपण मात्र दिवाळी अंक, प्रबंध, कवितासंग्रह, विश्वकोशीय टिपणे असे वीस-पंचवीस वर्षांचे लेखन सांकेतिक लिपीत करीत होतो, आणि ते सांकेतिक आहे हे आपल्या गावीही नव्हते.

लिनक्सकडे वळणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट प्रथम लख्खपणे दिसली. त्याने आपला जुना लेख नव्या प्रणालीत उघडला आणि विकतचा टंक तिथे नसल्यामुळे लेखाचे खरे, अर्थहीन रूप समोर आले. छपाईच्या व्यवसायातल्या मंडळींनी लिनक्सचा नाद बहुधा येथेच सोडला, आणि त्यांचा इलाज नव्हता. मजकूर, टंक, पानांची मांडणी आणि छापखाना ही साखळी एकमेकींत अडकलेली होती.

यावरचा उपाय युनिकोड. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, हे त्याचे सूत्र. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात होती, आणि तिची मांडणी भारतात तयार झालेल्या इस्की या प्रमाणावर आधारलेली होती. परंतु क्रमांक मिळाला म्हणून अक्षर नीट उमटते असे नाही. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी. जोडाक्षरात वर्ण एकमेकांत मिसळतात. ही जुळणी करणारी आज्ञावली अपुरी असेल तर ‘किती’ हा शब्दही विस्कटतो. मराठीच्या खास गरजा तर आणखी निराळ्या. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन रूपांत विद्वान आणि स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे आणि ते सारे त्या अर्ध्या ‘र’च्या वळणावर अवलंबून आहे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ साल उजाडावे लागले.

या दुरुस्त्या कोणी केल्या? मुंबईत २००० च्या सुमारास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांच्या पुढाकाराने इंडलिनक्स हा गट उभा राहिला आणि भारतीय भाषांतल्या लिनक्ससाठी स्वयंसेवक एकत्र आले. २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांच्या टंकांची मालिका मुक्त परवान्याखाली दिली. कंपनीच्या नावातला लाल रंग संस्कृतात नेऊन हे नाव ठेवलेले दिसते. टंकाचीही मूळ संहिता असते, आणि ती उघडी असल्यामुळे अर्ध्या ‘र’ची तक्रार करणाऱ्याला ती दुरुस्त करून पाठवताही येत होती. जी अडचण विकतच्या टंकात केवळ गाऱ्हाणे ठरली असती, ती इथे काम ठरली.

४

आता उरले भाषांतर. मुक्त प्रणालीतले पडद्यावर दिसणारे प्रत्येक वाक्य एका साध्या मजकुराच्या फाइलीत काढून ठेवलेले असते. वर मूळ इंग्रजी ओळ, खाली भाषांतरासाठी मोकळी जागा. पुन्हा मूळ ओळ, पुन्हा जागा. श्लोक आणि त्याखाली ओवी, अशीच ही मांडणी. मूळ ओळ पुढे बदलली तर तिच्याखालचे भाषांतर ‘संदिग्ध’ म्हणून आपोआप चिन्हांकित होते आणि माणसाने ते पुन्हा तपासेपर्यंत वापरले जात नाही. पाठचिकित्सा करणाऱ्याला हेवा वाटावा अशी ही शिस्त आहे. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली, याचीही नोंद राहते.

या नोंदीची महती म्हाइंभटांच्या ग्रंथावरूनच कळते. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला. स्मरणे वेगवेगळी होती, म्हणून पाठही वेगवेगळे झाले. परंतु महानुभावांनी त्यांतला एकच राखून बाकीचे पुसून टाकले नाहीत. अमका पाठ अमुकाचा, अशा नोंदींसह भेद जपले. बाहेरच्यांसाठी ग्रंथ बंद ठेवणाऱ्या पंथाने आत मात्र असा काटेकोरपणा पाळला, आणि बंद ठेवल्यामुळेच त्या गद्याचे प्राचीन रूप पुष्कळसे टिकले, हेही मान्य केले पाहिजे. उघडेपणा म्हणजे सर्व गुण आणि गुप्तता म्हणजे सर्व दोष, असा सोपा निवाडा इथे करता येत नाही.

मराठी भाषांतरकारापुढे यापेक्षा वेगळ्या अडचणी होत्या, आणि त्या भाषेच्या अध्यापकांनी लक्ष देण्याजोग्या आहेत. इंग्रजी वाक्यात एखादी जागा रिकामी असते. तिथे प्रसंगानुसार फाइलीचे किंवा माणसाचे नाव यंत्र भरते. इंग्रजीला याचे काही वाटत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, आणि जे नाव अजून आलेच नाही त्याचे सामान्यरूप कसे करायचे? ‘घोडा’ आला तर ‘घोड्याला’ हवे, ‘शाळा’ आली तर ‘शाळेला’. क्रियापदाचे लिंगही त्या अनुपस्थित नामावर अवलंबून: निवडला, निवडली की निवडले? भाषांतरकारांनी वाक्य फिरवून, प्रत्यय टाळून, नावापुढे ‘ही फाइल’ असा आधार देऊन मार्ग काढले. ज्या वाक्यांत हे साधले नाही ती वाक्ये आजही कानाला खुपतात. मराठी यंत्रापुढे नेण्यासाठी मराठीचे व्याकरणच नीट माहीत असावे लागते, हे यातून उघड होते.

परिभाषेचा वाद तर जुनाच. ‘फाइल’ला ‘संचिका’ म्हणावे, ‘धारिका’ म्हणावे की ‘फाइल’च ठेवावी? ‘सेव्ह’ म्हणजे ‘साठवा’ की ‘जतन करा’? शिवकाळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यांतले काही रुजले, बरेच कोशातच राहिले. संगणकाच्या परिभाषेचेही तसेच होत आहे. ‘पासवर्ड’साठी मराठी विकिपीडियाच्या मंडळींनी ‘परवलीचा शब्द’ वापरात आणला, तो मात्र अस्सल आहे. रात्रीच्या पहाऱ्यावर ओळख पटवणारा तो शब्द भाषेत आधीच होता. त्याला नवे काम मिळाले इतकेच. नेहमीच्या वापरातले काहीशे शब्द प्रत्येक भारतीय भाषेत एकसारखे ठरावेत म्हणून २००८ साली फ्युएल हा प्रकल्प सुरू झाला आणि मराठीसाठीही तशी यादी झाली. या कामात संगणकज्ञ होते, भाषांतरकार होते. विद्यापीठांतले मराठीचे विभाग मात्र एकंदरीत दूरच राहिले. पडद्यावरची मराठी कृत्रिम आहे अशी तक्रार आपण करतो, तेव्हा ती दुरुस्त करण्याची जागा गेली वीस वर्षे उघडी आहे, हे आपण विसरतो.

५

इथवर केलेल्या तुलनेला एक मर्यादा आहे, ती स्पष्ट केली पाहिजे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पैठणला अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतराने तो बिघडला, अशी त्यांची भूमिका. आणि अखेरीस त्यांनी बजावले की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखे होईल. ग्रंथ सर्वांनी वाचावा, परंतु कोणी त्यात भर घालू नये.

जीपीएलची आज्ञा याच्या उलट आहे. बदला, वाढवा, स्वतःची शाखा काढा. मात्र बदल केला आहे हे सांगा आणि बदललेली संहिताही उघडी ठेवा. या दोन भूमिकांतला फरक कृतीच्या स्वरूपातून येतो. काव्यग्रंथाला एक कर्ता असतो आणि त्याच्या शब्दाला अंतिमता असते; प्रणालीला अंतिम रूप नसतेच, कारण यंत्रे आणि गरजा बदलत राहतात. तरीही दोन्ही नियमांचा हेतू एकच आहे: पुढच्या वाचकाला आपल्या हाती काय आले आहे, ते कळावे. १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि वाद उसळला, तो मुळात याच कळण्याविषयीचा होता. एकनाथांनी जे काही बदलले त्याची ओळीओळीची नोंद आपल्याजवळ असती तर त्या वादाचे स्वरूप वेगळे झाले असते.

दुसरा प्रश्न अधिक व्यावहारिक: हे सगळे चालवायचे कोणी? त्याचे एक उत्तर याच जिल्ह्याने दिले होते. लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे-पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. ऊस घालणारा हाच कारखान्याचा मालक, ही कल्पना तेव्हा अव्यवहार्य वाटत होती. मुक्त प्रणालीची कल्पना तिच्या जवळची आहे: वापरणारा हाच सहमालक. परंतु सहकाराचा पुढचा इतिहास दुसरी गोष्टही शिकवतो. जो सभासद अहवाल वाचत नाही, सभेला जात नाही, त्याची मालकी कागदावर राहते आणि कारभार मोजक्यांच्या हाती जातो. लिनक्सच्या गाभ्याचे बरेचसे काम आज मोठ्या कंपन्यांचे पगारी लोक करतात. मराठी भाषांतराचा भारही अगदी थोड्यांवर राहिला. ते दुसऱ्या कामाला लागले की ‘संदिग्ध’ ठरलेल्या ओळी तशाच पडून राहतात आणि पडद्यावर त्या जागी पुन्हा इंग्रजी येते. संहिता उघडी असणे ही केवळ शक्यता आहे. तिचे रूपांतर हक्कात करायला रोजचे सभासद लागतात.

६

सध्याची परिस्थिती नवशिक्याला पूर्वीपेक्षा पुष्कळ अनुकूल आहे. बसवणी सोपी झाली आहे. मराठी युनिकोड सर्वत्र चालते. मुंबईच्या आयआयटीने प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चालवलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस आदींचे छोटे छोटे पाठ मराठीतून ऐकत, शिक्षकाशिवाय शिकता येतात. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नियमित देखभाल थांबल्यामुळे, नव्या आवृत्तीला न पेलणारी पण अन्यथा धडधाकट अशी कितीतरी यंत्रे महाविद्यालयांच्या कपाटांत आणि बाकांवर उभी आहेत. प्रयोगाला साधन हवे असेल तर ते तिथे आहे.

मराठीच्या विद्यार्थ्याने हा प्रयोग का करावा, याचे उत्तर पैसे वाचतात एवढेच असेल तर ते अपुरे आहे. आपल्या विभागात, आपल्या शिक्षकांच्या जुन्या चकत्यांवर, गावातल्या छापखान्यात १९९० ते २०१० या काळातले मराठी लेखन क्रमांकांच्या सांकेतिक लिपीत पडून आहे. ते लिहिणारे आज हयात आहेत, कोणता टंक वापरला होता हे सांगू शकतात, आणि रूपांतराची साधने मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. सकळ लिपीची किल्ली शोधायला राजवाड्यांची गरज पडली, कारण मध्ये पाचशे वर्षे गेली होती. इथे मध्ये पंचवीसच वर्षे गेली आहेत.

नेवाशाच्या मंदिरात ज्ञानदेवांच्या स्मृतीशी जोडलेला एक खांब आहे. दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ या पुस्तकाचे नाव त्यावरूनच आले. त्याचे दर्शन घ्यायला विद्यार्थ्यांच्या सहली जातात, आणि ते उचितच आहे. त्याबरोबर सराळ्याच्या त्या पंडिताचेही स्मरण व्हावे, ज्याने पांडित्य बाजूला ठेवून साक्षीदारांच्या दारोदार जाऊन आठवणी उतरवून घेतल्या आणि कोण काय म्हणाले ते नोंदवले. एका जुन्या यंत्रावर खुली प्रणाली बसवून, वर्गातल्या प्रत्येकाने विभागाच्या जुन्या वार्षिकाचा एकेक लेख युनिकोडमध्ये आणला, ‘आचाऱ्या’चा ‘आचार्य’ झाला नाही ना हे डोळ्यांनी तपासले आणि आपण केलेल्या दुरुस्त्या खाली लिहून ठेवल्या, तर पाठचिकित्सेचा एक तास त्यातच होऊन जाईल.